वळवाचा मार आणि तरव्याचे रक्षण



वैशाखाचे ऊन तापू लागले म्हणजे बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी या टापूतील शेतकऱ्याची नजर दोन ठिकाणी खिळलेली असते. दुपार कलली की ती आभाळाकडे जाते आणि सकाळ-संध्याकाळ ती विहिरीजवळच्या चार वाफ्यांकडे वळते. आभाळात वळवाचे ढग जमत असतात. वाफ्यांत मिरची, वांगी, टोमॅटो यांचा कोवळा तरवा वाढत असतो. वळीव हा या प्रदेशाचा शत्रू नव्हे. तो नांगरटीची ढेकळे फोडतो, तडकलेल्या जमिनीला पहिली ओल देतो आणि खानापूर-बेळगावकडील भातशेतकऱ्याला रोहिणीच्या पेरणीसाठी रान तयार करून देतो. परंतु हाच वळीव गारा घेऊन आला, तर महिनाभर लेकरासारखा जपलेला तरवा अवघ्या दहा मिनिटांत झोडपून निघतो. त्या दहा मिनिटांची तयारी आधीपासून कशी करून ठेवावी, हा या भाषणाचा विषय होय.

एका गुंठ्यात सामावलेले शिवार

तरव्याचे महत्त्व समजण्यासाठी थोडा हिशेब मांडून पाहणे उपयोगी ठरेल. मिरचीची लागण दोन्ही बाजूंनी ६० सेंटिमीटर अंतरावर केली, तर एका एकरास सुमारे ११ हजार रोपे लागतात. तूट-फूट धरून ती १२ हजार समजावीत. तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशा गादीवाफ्यावर दहा-दहा सेंटिमीटरवर आडव्या ओळी पाडल्या, तर तीस ओळी होतात. प्रत्येक ओळीत तीस ते पस्तीस निरोगी रोपे मिळाली, तरी एका वाफ्यातून हजारभर रोपे निघतात. म्हणजे एका एकरासाठी बारा वाफे पुरेत. काळजी म्हणून पंधरा केले, तरी त्यांचे क्षेत्रफळ ४५ चौरस मीटर होते. पायवाटा आणि पाण्याचे चर धरूनही हा सारा संसार एका गुंठ्यात, म्हणजे १०१ चौरस मीटरांत बसतो.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. जे पीक पुढे चाळीस गुंठ्यांवर पसरणार आहे, ते सहा आठवडे एकाच गुंठ्यात एकवटलेले असते. लागण झाल्यावर चाळीस गुंठ्यांवर छप्पर घालणे मिरची-वांग्याच्या शेतकऱ्यास परवडणारे नाही. तेव्हा ऊन, पाऊस व गारा जे देतील ते सोसावेच लागते. परंतु तरवा वाफ्यात असेपर्यंत त्यावर मांडव घालणे कोणत्याही शेतकऱ्याच्या आवाक्यातले आहे. पिकाच्या साऱ्या आयुष्यात अशी संधी एकदाच येते, आणि तीच बहुधा दवडली जाते.

बियाणे मिळते, दिवस मिळत नाहीत

तरवा बुडाला तर किती नुकसान झाले, असे विचारल्यास पुष्कळ वेळा बियाण्याची किंमत सांगितली जाते. खरे नुकसान त्याहून मोठे असते. मिरचीचा तरवा लागणीस येण्यास सुमारे ४० ते ४५ दिवस लागतात. वांग्याचा ३० ते ४० दिवसांत आणि टोमॅटोचा तीन ते चार आठवड्यांत तयार होतो. मेच्या पहिल्या आठवड्यात टाकलेला मिरचीचा तरवा जूनच्या मध्यास, मृग नक्षत्रातच लागणीस येतो. समजा २५ मेच्या सुमारास, रोहिणी लागता लागता गारांनी तो झोडपला आणि दुसऱ्याच दिवशी नवे बी टाकले, तरी ती रोपे जुलैच्या पहिल्या पंधरवड्याअखेर हाती येतील. तोवर मृग संपून आर्द्राही सरलेली असते. जिरायत मिरचीला पहिल्या पावसाची ओल आणि त्यानंतरची उघडीप ज्या वेळी मिळावयास हवी, ती वेळ निघून जाते.

हुक्केरी तालुक्यातील संकेश्वरच्या नावाने ओळखली जाणारी लांब, लालभडक आणि तिखट मिरची या भागाची शान होय. तिचा मोठा बाजार शेजारच्या गडहिंग्लजला भरत आलेला आहे. बेळगावच्या आसपासच्या मळ्यांतील भाजी रोज गोव्याच्या बाजारात जाते. या दोन्ही व्यवहारांत मालाइतकेच महत्त्व वेळेला आहे. पंधरा-वीस दिवसांचा उशीर म्हणजे पीक पुढे ढकलले जाणे, रोग-किडींच्या तोंडी सापडणे आणि बाजारभाव हुकणे. म्हणून तरव्याचे रक्षण म्हणजे हंगामाचे रक्षण होय, हे पक्के समजावे.

वळवाची गार कशी तयार होते

एप्रिल-मे महिन्यांत जमीन दिवसभर तापते. तिच्या लगतची हवा उष्ण व हलकी होऊन वेगाने वर जाते. पश्चिमेकडे अरबी समुद्र आहे; तिकडून येणारी दमट हवा या चढत्या प्रवाहात मिसळली, म्हणजे दुपारनंतर ढगांचे उंचच उंच मनोरे उभे राहतात. साधारणपणे पाच किलोमीटर उंचीवर उन्हाळ्यातही तापमान शून्य अंशापर्यंत उतरते. त्याहून वर गेलेले पाण्याचे थेंब कित्येकदा शून्याखालीही न गोठता तरंगत असतात. हिमाचा एखादा कण त्यांच्यावर आदळला की ते त्याच्यावर थिजतात आणि कणावर बर्फाचा थर चढतो. चढत्या हवेचा जोर जोपर्यंत हा कण तोलून धरतो, तोपर्यंत त्यावर थरावर थर चढत राहतात. गार पेलवेनाशी झाली म्हणजे ती खाली येते. मोठी गार मधोमध कापून पाहिली, तर तिच्यात कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, ते याच कारणाने.

दोन सेंटिमीटर व्यासाची गार जमिनीपाशी येते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे ७० किलोमीटर असतो. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातील मुरादाबाद परिसरात झालेल्या गारपिटीत २४६ माणसे दगावली होती. महाराष्ट्रात २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत झालेल्या गारपिटीने गहू, हरभरा, कांदा, द्राक्षे आणि डाळिंबे यांची दाणादाण उडविली. माणसांची आणि उभ्या पिकांची ही गत, तर दोन पानांच्या रोपाची काय कथा!

तरव्यावर या माऱ्याचे तीन परिणाम होतात. पहिला, शेंडा व पाने फाटतात आणि कोवळे खोड ठेचले जाते. दुसरा, मोठ्या थेंबांनी माती उडून पानांवर बसते, वाफ्याच्या पृष्ठभागावर पपडी धरते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. तिसरा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. पाणी साचलेल्या, तापलेल्या मातीत पिथियम व रायझोक्टोनिया या बुरशी बळावतात. रोपे जमिनीलगत नरम पडून कोलमडतात. पुष्कळ तरवा गारांतून वाचतो आणि या कोलमडीने जातो. तिन्ही परिणाम ध्यानात घेऊनच उपाय योजावयास हवेत.

थंड देशांतील शेतकऱ्याचा धडा

युरोपातील बागाईतदारांनाही असाच एक अवकाळी घाव सोसावा लागतो. तेथे हिवाळा संपून झाडांना पालवी फुटते आणि मग एप्रिल-मेमधील एखाद्या निरभ्र, निवांत रात्री तापमान शून्याखाली उतरते. पानांवर दहिवर, म्हणजे गोठलेले दव साचते आणि कोवळे अंकुर काळे पडतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधील द्राक्षमळ्यांना असा मोठा फटका बसला. मार्चच्या अखेरीस पडलेल्या उबेने वेली लवकर फुटल्या होत्या आणि त्यानंतर थंडी उलटली. शेतकऱ्यांनी रात्रभर मळ्यांत हजारो मोठ्या मेणबत्त्या तेवत ठेवल्या. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या परिसरातही कडाक्याच्या थंडीत दव गोठते. बेळगाव-निपाणीकडे हे संकट येत नाही. तरीही दोन्हीकडचा नियम एकच आहे. रोप खऱ्या हिवाळ्याने वा खऱ्या पावसाळ्याने सहसा मरत नाही. ते कोवळे असताना अवेळी बसलेल्या घावाने मरते.

तेथील बागाईतदाराचा दुसरा धडाही घेण्यासारखा आहे. तो भाजीच्या रोपांवर कापड संध्याकाळीच पसरतो. मध्यरात्री दहिवर पडू लागल्यावर धावत सुटत नाही. दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब त्या कापडाखाली राहते आणि तीच रोपांना तारते. वळवाच्या बाबतीतही आच्छादन ढग गडगडण्यापूर्वी जाग्यावर असावयास हवे.

जुन्या तंबाखू-तरव्याची शिकवण

निपाणी भागास हे शास्त्र नवीन नाही. विडीच्या तंबाखूने या गावाला नाव दिले आणि तंबाखूइतका नाजूक तरवा दुसऱ्या पिकाचा क्वचितच असेल. तंबाखूचे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक दाणे मावतात. ते सारखे पडावे म्हणून वाळूत किंवा राखेत मिसळून फोकावे लागते. ऐन पावसाच्या तोंडावर एवढे बारीक बी वाढवावयाचे, तर उंच वाफे, निचऱ्याचे चर, बी टाकण्यापूर्वी राब भाजून माती शुद्ध करणे आणि दर एक-दोन दिवसांनी तरवा डोळ्यांखालून घालणे, हे सारे ओघानेच आले. पुढे या टापूतील बऱ्याच रानात ऊस आणि सोयाबीन आले. तंबाखूचे क्षेत्र राहो वा न राहो, त्या तरव्यातून लाभलेली हाताची शिस्त मात्र जपण्यासारखी आहे. मिरची-वांग्याच्या तरव्यासही तीच लागू पडते.

जागेची निवड आणि वाफा

तरव्याची जागा घराजवळ किंवा विहिरीजवळ, सहज नजरेच्या टप्प्यात असावी. जागा किंचित उताराची हवी. सखल कोपऱ्यात वळवाचे पाणी तुंबते. मोठ्या झाडाखाली तरवा कधीही टाकू नये. झाडाची सावली बरी वाटली, तरी पानांवरून गळणारे टपोरे थेंब पावसापेक्षाही अधिक माती उडवितात आणि वादळात फांदी मोडून पडण्याचा धोका असतो. मागील वर्षी ज्या जागी मिरची, वांगी, टोमॅटो किंवा तंबाखू यांचा तरवा होता, ती जागा या वर्षी टाळावी, कारण ही चारही पिके एकाच कुळातील असून त्यांचे बरेच रोग समान आहेत.

वाफा एक मीटर रुंद आणि जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंच असावा. चिकोडी-निपाणीकडील काळ्या रानात ही उंची अधिकच जरुरीची आहे, कारण तेथे पाणी लवकर मुरत नाही. खानापूर-बेळगावकडील तांबड्या जमिनीत निचरा बरा होतो. पण ऊन पडताच वर पपडी घट्ट बसते. तेथे चांगले कुजलेले शेणखत चाळून मिसळल्यास पपडी मऊ राहते. दोन वाफ्यांमध्ये हातभर रुंदीचा चर ठेवून त्याचे तोंड शेताबाहेर काढावे.

ज्या उन्हाचा त्रास होतो, त्याच उन्हाकडून काम करून घेण्याची एक युक्ती आहे. वाफे मार्चच्या अखेरीस तयार करून भिजवावेत आणि त्यांवर सुमारे २५ मायक्रॉन जाडीचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद ताणून कडा मातीने बुजवाव्यात. चार ते सहा आठवडे असे झाकून ठेवल्यास वरच्या थरातील माती इतकी तापते की बऱ्याचशा बुरशी, सूत्रकृमी आणि तणांचे बी मरते. राब भाजण्याचा हेतू यात साधतो. शिवाय पालापाचोळा जळत नाही आणि धूरही होत नाही.

बी टाकण्यापूर्वी त्यास ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी दर किलोस ५ ग्रॅम या प्रमाणात चोळावी. बी ओळीत, एक सेंटिमीटरहून खोल न जाईल असे पेरावे आणि वर वाळलेल्या गवताचे पातळ आच्छादन घालून झारीने पाणी द्यावे. मिरचीचे बी आठ-दहा दिवसांत उगवते. मोड दिसू लागताच गवत संध्याकाळच्या वेळी काढून घ्यावे. एक-दोन दिवसांचा उशीर झाला, तरी अंकुर लांबट व पिवळे होतात.

मांडव कसा असावा

तरव्यावरचा मांडव ऊन, गारा आणि टपोरे थेंब या तिहींपासून रक्षण करणारा असावा, परंतु उजेड आणि वारा अडविणारा नसावा. यासाठी बांबूच्या कामट्यांच्या कमानी सर्वांत सोयीच्या. एक मीटर रुंदीच्या वाफ्यावर दर दीड मीटरला एक कमान, दोन्ही टोके जमिनीत वीतभर खोल रोवून उभी करावी. मधली उंची ६० ते ७० सेंटिमीटर ठेवावी. कमानींच्या माथ्यावरून सुतळी ताणून बांधली म्हणजे सारा सांगाडा एकजीव होतो. कमान वाऱ्यात लवते, पण मोडत नाही. सरळ खांबांचा सपाट मांडव मात्र वळवाच्या पहिल्याच झोताने उलथतो.

या कमानींवर ५० टक्के सावलीची जाळी, म्हणजे शेडनेट, ताणून घालावी. जाळी सैल असेल तर गारा तिच्यात साचून तिचा झोळ रोपांवर टेकतो आणि ज्यापासून राखावयाचे तेच घडते. म्हणून जाळी ताठ असावी आणि कडा खुंट्यांना पक्क्या बांधाव्यात. एका बाजूस जमिनीपासून वीतभर फट ठेवावी म्हणजे हवा खेळती राहते. ताणलेल्या जाळीवर गार आदळली की तिचा जोर मोडतो आणि टपोऱ्या थेंबाचे बारीक तुषार होतात.

ज्यांना जाळी घेणे शक्य नाही, त्यांनी उसाच्या पाचटाच्या, कडब्याच्या किंवा नारळाच्या झावळ्यांच्या तट्ट्या बांधाव्यात. त्या दोन्ही बाजूंनी उतरत्या ठेवाव्यात. मात्र तट्टी ही जाळीसारखी दिवसभर ठेवता येत नाही. सकाळी दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर ती बाजूला सारून रोपांना ऊन द्यावे. आभाळ भरून येत असल्यास चारनंतरही ती जाग्यावरच ठेवावी. सावलीतच वाढलेली रोपे उंच दिसतात, पण शेतात लावल्यावर मान टाकतात.

प्लॅस्टिकच्या कागदाबद्दल विशेष सावधगिरी हवी. पावसापुरता तो उत्तम. पण पाऊस थांबून ऊन पडल्यावर तो तसाच राहिला, तर आतील हवा तासाभरात इतकी तापते की रोपे उकडून निघतात. कागद घालणारे माणूस घरी नसेल आणि तो काढणारेही कोणी नसेल, तर कागद न घालता जाळीवरच भिस्त ठेवावी.

पांढरी माशी व फुलकिडे यांपासून संरक्षण हवे असल्यास जाळीच्या आतून ४० मेशची बारीक नायलॉन जाळी लावावी. मिरचीवरील बोकड्या, म्हणजे पाने चुरडण्याचा रोग, पुष्कळदा तरव्यातच शिरतो. ही जाळी तो दाराबाहेर ठेवते.

पाणी नेहमी सकाळी द्यावे. संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर पानांवर व मातीवर राहून कोलमडीस निमंत्रण देते. लागणीपूर्वी आठ-दहा दिवस पाणी कमी करीत जावे आणि मांडव रोज थोडा अधिक वेळ उघडा ठेवावा, म्हणजे रोपे काटक होतात.

दुसरी फळी

मांडव कितीही चांगला असला, तरी सारी मदार त्यावर ठेवू नये. शक्य असेल तर तरवा आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन हप्त्यांत टाकावा. पहिला झोडपला गेला, तर दुसरा लहान असला तरी हाती राहतो. शेजारच्या चार शेतकऱ्यांनी आपापल्या ठिकाणी एकाच वाणाचा तरवा थोडा जादा टाकण्याचे ठरविले, तरी हाच लाभ मिळतो, कारण गारांचा पट्टा बहुधा अरुंद असतो. एका शिवारात गारांचा खच पडतो, तर पलीकडच्या शिवारात नुसता शिडकावा होतो.

अलीकडे प्रो-ट्रे म्हणजे कप्प्यांचे तबक वापरून रोपे तयार करण्याची पद्धत रूढ झाली आहे. एका तबकात ९८ कप्पे असतात आणि त्यांत नारळाच्या काथ्याचा भुसा भरून प्रत्येकी एक बी टाकतात. १२ हजार रोपांस सव्वाशेच्या आसपास तबके लागतात आणि ती सुमारे वीस चौरस मीटर जागेत राहतात. या पद्धतीचा मोठा गुण असा की तरवा उचलता येतो. आभाळ काळवंडले, तर घरातील चार माणसे अर्ध्या तासात तो सोप्यात किंवा गोठ्याच्या पडवीत आणून ठेवू शकतात.

गडगडाट आणि माणसाचा जीव

येथे एक इशारा स्पष्ट शब्दांत देणे अगत्याचे आहे. ज्या ढगातून गार येते, त्याच ढगातून वीज येते. जाळी बांधण्यासाठी किंवा तबके उचलण्यासाठी गडगडाट सुरू झाल्यावर कोणीही रानात जाऊ नये, आणि गेलेल्याने हातातले काम टाकून पक्क्या घरात यावे. एकट्या झाडाखाली, उघड्या खोपीत किंवा पाण्याच्या पंपापाशी आसरा घेऊ नये. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास थांबूनच बाहेर पडावे. तरवा पुन्हा टाकता येतो. माणूस पुन्हा आणता येत नाही.

म्हणूनच आधीची सूचना मोलाची ठरते. भारतीय हवामान विभाग जिल्हावार अंदाज देतो आणि वादळाची शक्यता असल्यास पुढील तीन तासांपुरता इशाराही प्रसिद्ध करतो. २०१९ साली सुरू झालेल्या ‘मेघदूत’ या मोबाइल सेवेतून शेतीविषयक सल्ला मिळतो, तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेली ‘दामिनी’ ही सेवा जवळपास पडणाऱ्या विजेचा इशारा देते. मे महिन्यात रोज दुपारी बारा वाजता एकदा अंदाज पाहावा आणि शक्यता दिसताच दोनपूर्वी जाळीच्या गाठी तपासून घ्याव्यात. पुष्कळ घरांत तरव्याची झारी व खुरपी स्त्रियांच्याच हाती असते. तेव्हा हे इशारे त्यांच्यापर्यंत पोहोचतील, अशी व्यवस्था घरातच व्हावयास हवी.

गारा पडून गेल्यावर

एवढे करूनही तरवा झोडपला गेला, तर पहिल्याच दिवशी तो उपटून टाकू नये. त्या संध्याकाळी, विजेचा धोका टळल्यावर, चर मोकळे करून साचलेले पाणी काढून द्यावे आणि वाफ्यावरील गारांचे ढीग हलक्या हाताने बाजूस करावेत. दुसऱ्या दिवशी वाफसा येताच ओळींमधील पपडी लहान खुरपीने हलकेच फोडावी. तुटलेली पाने व मेलेली रोपे गोळा करून दूर टाकावीत.

त्यानंतर कोलमडीचा बंदोबस्त करावा. कॉपर ऑक्सिक्लोराइड दर लिटर पाण्यास ३ ग्रॅम या प्रमाणात मिसळून ते झारीने वाफ्यात ओतावे. त्याऐवजी एक टक्क्याचे बोर्डो मिश्रणही चालते. मोरचूद आणि चुन्याचे हे मिश्रण १८८५ साली फ्रान्सच्या बोर्डो भागातील द्राक्षमळ्यांतून पुढे आले. एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना, वेगवेगळे विरघळवून, मिळून शंभर लिटर पाण्यात ते तयार करतात; वाफ्यांपुरते करावयाचे तर दहा लिटर पाण्यास दोन्ही शंभर-शंभर ग्रॅम घ्यावेत. यासाठी भांडे प्लॅस्टिकचे वा मातीचे असावे. मिश्रणात लोखंडी पाते बुडवून त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी आहे असे समजावे. वाफ्यात ट्रायकोडर्मा घातली असेल, तर ताम्रयुक्त औषधाने तीही मरते. म्हणून ती पुन्हा दोन-तीन आठवड्यांनीच द्यावी. घाबरून लगेच युरिया देण्याचा मोह टाळावा. जखमी रोपास नत्राने येणारी लुसलुशीत वाढ रोगाला अधिक बळी पडते.

चौथ्या-पाचव्या दिवशी मोजदाद करावी. ज्या रोपाचे खोड हिरवे व अखंड आहे आणि खाली एक-दोन निरोगी पाने आहेत, ते शेंडा तुटला तरी बगलेतून फुटते. त्यास आठवडाभर अधिक ठेवल्यास ते लागणीस येते. ज्याचे खोड जमिनीलगत ठेचले किंवा चिरले आहे, ते उभे दिसले तरी पुढे टिकत नाही. अगदी दोन दलांच्या अवस्थेत शेंडा गेलेले रोपही बहुधा जाते. निम्म्याहून अधिक रोपे धड असतील, तर तोच तरवा राखावा आणि तुटीपुरते नवे बी टाकावे. त्याहून कमी असतील, तर दिवस न गमावता दुसरा तरवा टाकावा, किंवा तीन-चार आठवड्यांत तयार होणाऱ्या टोमॅटोसारख्या पिकाचा विचार करावा.

शाळा आणि अधिकारी यांचे काम

गावच्या शाळेस या कामात मोठा वाटा उचलता येईल. मे महिन्यात शाळा बंद असली, तरी उन्हाळ्यापूर्वीच परसबागेतील एका वाफ्यावर कमानी व जाळी आणि शेजारच्या वाफ्यावर काहीही नाही, असा साधा प्रयोग शिक्षकांना मांडता येतो. गावात राहणाऱ्या मुलांनी तो पाहून वहीत नोंद करावी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यास तीनने भागले, की वादळ किती किलोमीटरांवर आहे हे कळते. ही गोष्ट मुलांना शिकविली, तर ती घरीदारी सर्वांना सावध करतील. मात्र हा हिशेब घरात बसूनच करावयाचा, हेही त्यांच्या मनावर बिंबवावे.

शेतीखात्याच्या अधिकाऱ्यांनी व ग्रामपंचायतींनी मार्च महिन्यातच तरव्याचा विषय हाती घेणे इष्ट आहे. गारा पडल्यावर पाहणीस येण्यापेक्षा गारांपूर्वी एका शेतकऱ्याच्या वाफ्यावर कमान रोवून दाखविणे अधिक फलदायी ठरते. रैत संपर्क केंद्रातून बियाणे घेणाऱ्यास त्याच वेळी जाळी, तट्टी आणि हवामानाचा इशारा यांविषयी दोन गोष्टी सांगता येतील. महिला बचत गटांनी सामाईक रोपवाटिका उभारली, तर एका मोठ्या मांडवाखाली अनेक घरांचा तरवा सुरक्षित राहील आणि गटास उत्पन्नही मिळेल. या टापूत कोणी मराठी बोलतो, कोणी कन्नड. तेव्हा सूचना दोन्ही भाषांत दिली जावी, म्हणजे ती कोणत्याही दारावरून परत जाणार नाही.

थोडक्यात सांगावयाचे तर, मार्चअखेर वाफे तापवावेत, मेच्या पहिल्या आठवड्यात बी टाकावे, अंकुर दिसण्यापूर्वी कमानी रोवाव्यात, जाळी ताठ ठेवावी, दुपारी अंदाज पाहावा आणि मेघ गर्जू लागताच घरात यावे. यांतील एकही काम खर्चाचे डोंगर उभे करणारे नाही. वळवाला थोपविणे कोणाच्या हाती नाही. पण पंधरा वाफ्यांवरून त्याचा मार चुकविणे प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती आहे. ते साधले, तर मृगाचा पाऊस पडेल तेव्हा लागणीसाठी काटक रोपे वाफ्यात तयार उभी असतील.